कोन्या गावचा

१

छप्पन साली रविकांत असनारेचा गुरुवार अकोल्याचा असे. सकाळी अमरावतीहून बडनेऱ्याला यायचं, फलाटावर कोळशाच्या धुराचा वास लागलेला चहा घ्यायचा आणि भुसावळकडची पॅसेंजर धरायची. मूर्तिजापूर आलं की कोणीतरी फडकं सोडून भाकरी काढी आणि ठेच्याने अख्ख्या डब्याला ठसका लागे. मग खोकत खोकत ओळखी निघत. पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘कोन्या गावचे तुमी?’ गाव सांगितलं की नातं निघायचंच. नाही निघालं तर गाव चुकीचं सांगितलं असं समजत. अकोल्याला उतरेपर्यंत रविकांत दोन लग्नांचा मध्यस्थ आणि एका भांडणाचा पंच होऊन बसलेला असे. अशा गाड्या आता राहिल्या नाहीत.

रविकांत नागपूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेला. वकिली करता आली असती, पण भांडायला वर्तमानपत्र बरं, तिथे मध्ये न्यायाधीश येत नाही, असं तो म्हणे. पंचवीस वर्षं त्याने अमरावतीच्या एका पत्रात बातमीदारी केली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा त्याचा एकच धर्म होता.

घरात मात्र एक गोष्ट कोणीच पाहिलेली नव्हती. थोरला भाऊ भगवंत चाळीस साली तेल्हाऱ्याहून फौजेत कंपाउंडर म्हणून गेला आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत अडकला. त्रेचाळीस साली त्याचं एक कार्ड आलं. त्यानंतर काही नाही. बारा वर्षं उलटल्यावर भाऊबंदांनी तगादा लावला, की पळसाच्या पानांचा माणूस करा, त्याला अग्नी द्या, बाईला मोकळी करा. भगवंतची बायको कुंदा ऐकेना.

“मी पाहिलं म्हणणारा एक माणूस आणा,” ती म्हणे. “मग मी माझ्या हाताने कुंकू पुसते.”

रविकांत तिच्या बाजूने सगळ्या भाऊबंदांशी भांडला. पुरावा मागणारी घरात आपल्याशिवाय दुसरी एकच आहे, याचा त्याला अभिमान होता. तिचं कारण निराळं असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

२

त्या वर्षी एप्रिलात अकोल्याच्या अधिकाऱ्यांच्या क्लबाने एका गोऱ्याचा सत्कार ठरवला. कमांडर एडविन थॉर्न. महायुद्धात पाणबुडी चालवून मलाक्काच्या सामुद्रधुनीत जपान्यांचं मोठं जहाज बुडवलं, म्हणून खुद्द राजाने त्याच्या छातीवर शौर्यपदक लावलं होतं. एकावन्न सालापासून हा माणूस अकोटच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यात राहत होता. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविकांतचं डोकं फिरलं. झेंडा उतरून नऊ वर्षं झाली, आमची पोरं कुठल्या समुद्रात कुजली याचा कागद सरकार देत नाही आणि यांच्या पदकांना हार घालता? त्याने मथळा आधीच ठरवला आणि माणूस पाहायला निघाला.

बंगला रस्त्यापासून आत होता. बाहेर ऊन असं, की कडुनिंबाखाली कुत्रंही बसेना. आत पाय टाकला आणि काळोखच झाला. सगळी दारं-खिडक्या बंद आणि त्यांवर वाळ्याचे ओले पडदे. थेंब पडत होते. टप, टप. वास असा, की जीव थंड व्हावा.

“बस नं भाऊ,” अंधारातून आवाज आला. “कावून उभा राह्यला? खुर्ची चावत नाई.”

रविकांतने इंग्रजीत तयार केलेला पहिला प्रश्न जागीच मेला.

“तुम्ही वऱ्हाडी बोलता?”

“माय माही मी आठ दिवसाचा असताना गेली. बाप इथं कापसाच्या प्रेसमंधी इंजिनिअर. चतुराबाईनं दूध पाजलं मले. दूध इथलं, तं बोली काय विलायतेची राहीन?” डोळे सरावले तेव्हा दिसला, सडपातळ, पांढऱ्या भुवयांचा माणूस, अंगात बंडी. “हा नत्थू, तिचा पोरगा. आमी दोघं एका थानाचे. आठव्या वर्षी मले विलायतेले धाडलं, तवा हा बैलगाडीमागं दोन कोस पळाला.”

“तीन,” दाराशी उभा असलेला नत्थुजी म्हणाला. “अन् तुनं मांगं पाह्यलंबी नाई.”

“रडून राह्यलो होतो बे. तुले काय दाखवू?”

रविकांतला नाइलाजाने हसू आलं. भांडायला आलेल्या माणसाला हसू येणं म्हणजे अर्धी लढाई गेली. चहा आला. तीन कप होते. नत्थुजी पितळी पेल्यात पीत होता. रविकांतने एक कप घेतला, साहेबाने एक. तिसरा नत्थुजीने आतल्या खोलीच्या बंद दाराशी फरशीवर ठेवला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने मागे झाला. त्या दाराखालची एक फरशी ओली होती.

गप्पा तासभर चालल्या, पदक सोडून सगळ्या. निघताना रविकांतला जाणवलं, की काहीतरी चुकलं. वऱ्हाडात तासभर कोणाशी बोलावं आणि त्याने तुमचं गाव विचारू नये? या माणसाने विचारलं नव्हतं.

फाटकाशी नत्थुजीने विचारलं, “कोन्या गावचे तुमी?”

“आता अमरावती. मूळचे आम्ही तेल्हाऱ्याचे.”

नत्थुजीच्या हातात फाटकाची कडी होती. ती त्याने हळूच, आवाज होऊ न देता, खाली सोडली.

“साहेबाले सांगू नका,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “नाई तं सांगा. मले काई सुधरत नाई.”

३

पुढच्या गुरुवारी रविकांत कोर्टाची बातमी अर्धी टाकून बंगल्यावर आला. दाराखाली आज तीन फरश्या ओल्या होत्या.

पडद्यांवर मारलेलं पाणी झिरपत असणार. पण पडदे खिडक्यांवर होते आणि ओल आतल्या दाराखालून येत होती. फरशीला उतार असेल. साहेब कपाटातून सुपारी काढायला उठला तेव्हा रविकांतने खिशातली पेन्सिल जमिनीवर ठेवली. पेन्सिल घरंगळली आणि आतल्या दाराला जाऊन टेकली. म्हणजे उतार तिकडे होता. पाणी चढून येत होतं.

त्याने बोट लावून चाखलं. खारट. त्यात नवल काही नव्हतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा तो सगळा खारपाण पट्टा, तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या खुलाशाने त्याला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटण्याची गरज पडली, याचा रागही आला.

“सत्काराला जाणार तुम्ही?” त्याने मुद्द्यालाच हात घातला.

“नाई.”

“कावून? शूर माणसाने हार घ्यावा.”

“टोमणे चांगले मारतो तू,” साहेब म्हणाला. “पन हळू बोल. इथं हळू बोलतात.”

“कोण ऐकतं इथे?”

साहेबाने सुपारी तोंडात टाकली. थेंबांचा आवाज चालू होता. टप, टप. रविकांतच्या ध्यानात आलं, की पडद्यांचे थेंब वेगळे आणि हे वेगळे. हे आतून येत होते आणि त्यांच्यात अंतर होतं. एक पाऊल टाकून थांबावं, पुन्हा एक टाकावं, एवढं.

त्याने उठून खिडकी उघडायचा प्रयत्न केला. साहेबाने त्याचं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

“ऊन आलं तं तो वाळते,” साहेब म्हणाला. “वाळला का वाजते. सळसळ, सळसळ. मग मले झोप येत नाई.”

“तो कोण?”

“पुढच्या गुरुवारी ये. सांगतो. छापजो मंग.”

४

मे लागला होता. रविकांत त्या गुरुवारी चिडूनच आला. आदल्या रात्री घरी कुंदाने ताट वाढताना विचारलं होतं, “भाऊजी, त्या पाणबुडीवाल्याला इकडची माणसं ठाऊक असतील का हो?” आणि तो अर्ध्या ताटावरून उठला होता.

ओल त्याच्या खुर्चीच्या पायांपर्यंत आली होती. त्याने खुर्ची सरकवली नाही.

“मी तेल्हाऱ्याचा आहे,” तो बसल्या बसल्या म्हणाला.

 साहेबाने बोलायला सुरुवात केली तेव्हा नत्थुजी उठून बाहेर गेला. त्याने हे आधी ऐकलेलं होतं.

“चव्वेचाळीसचा ऑगस्ट. जपान्याचं जहाज होतं, माल भरेल आहे असं आमचे लोक सांगत. दोन टॉरपेडो मारले. सात मिन्टात गेलं. मी वर आलो, पाह्याले. दिवस बुडून राह्यला होता. पान्यात मानसं. माल नव्हता जहाजात भाऊ, कैदी होते. आपले. हिंदुस्तानी.”

“आणि तुम्हाला पदक मिळालं.”

“मिळालं.”

“शरम नाही वाटली घेताना?”

“पुरं ऐक, मंग थुक मायावर.” साहेबाचा आवाज चढला नाही. “बाकीचे काय वरडत ते मले समजत नव्हतं. एक जन जवळ होता. या भितीइतका. तो म्हने, ‘आवो माय, पाय थकले.’ माया बोलीत. चतुराबाईच्या बोलीत. तीस वर्षानं ऐकली मी ती. अन् मी काय केलं? दोर पायाशी पडेल होता. दोर नाई टाकला. मी वरडलो, ‘कोन्या गावचा बे?’”

 आपणही तेच विचारलं असतं, हे रविकांतला कळलं.

“त्यानं सांगतलं, तेल्हारा. अन् तो हासला. पान्यात, मरता मरता हासला, का गाववाला भेटला. मी म्हटलं, ‘थांब, येतो.’ दोराले हात घातला. तेवढ्यात वर इमान दिसलं. माया पाणबुडीत साठ मानसं. मी बुडीचा हुकूम दिला.” साहेबाने आतल्या दाराकडे पाहिलं. “विचारलं नसतं तं तो वर आला असता. दोन मिन्टं होती. मी गाव विचारन्यात घालवली.”

“नाव?”

“नाव नाई विचारलं. आपन गाव विचारतो.”

टप, टप. मग थांबलं.

“मी म्हटलं होतं थांब. तो थांबला. लढाई सरली तरी थांबला. इंग्लंडमंधी माया खोलीत, पलंगापाशी पानी. म्हटलं गावी नेऊन सोडतो. इथं आलो. चतुराबाईचा नवरा पूर्णेच्या पुरात गेला, तवा तिनं पानाचा मानूस केला होता. मी सात वर्षाचा. मी पाह्यलं, पानं कशी रचली, नारळ कुठं ठेवला, हाक कशी मारली. मंग पोरांले घरी धाडलं. पुढचं मले ठाऊक नव्हतं.”

“म्हणजे?”

“बावन्न साली मी पानं रचली. हाक मारली. नाव नव्हतं, म्हून म्हटलं, ‘तेल्हाऱ्याच्या, ये.’ तो आला.” साहेबाने चेहरा पुसला. “अग्नी द्याचा असते, हे मले नत्थूनं दोन महिन्यानं सांगतलं. पन तो रक्ताच्या मानसानं द्याचा. मी कोन? मी तं त्याले दोनदा बोलावून ठेवेल मानूस.”

“तेल्हाऱ्यात जाऊन विचारायचं होतं.”

“फाटकापर्यंत जातो मी. चार वर्षं झाली. फाटकाच्या पुढं पाय निघत नाई. त्याची माय, बायको समोर आली अन् तिनं विचारलं, का तुमी काय केलं, तं?”

रविकांत उठला. भोंदूपणा आहे, युद्धात डोकं गेलेल्या म्हाताऱ्याचा खेळ आहे, असं मनाशी म्हणत त्याने ते आतलं दार ढकललं.

खोली लहान होती. बाजेवर दर्भ आणि त्यावर पळसाची पानं, माणसाच्या लांबीची. चार वर्षांपूर्वीची पानं. ती आज तोडल्यासारखी हिरवी होती. ओली ठेवली म्हणून असेल, रविकांत स्वतःशी म्हणाला. डोक्याच्या जागचा नारळ दाराच्या बाजूला कललेला होता. नत्थुजीने हलवला असेल. मग त्याची नजर खाली गेली. पानांचा डावा पाय उजव्या पायावर आडवा रचलेला होता. भगवंत लहानपणापासून असाच निजायचा, पायावर पाय टाकून, आणि आई त्याला ओरडायची.

“हा पाय तुम्ही असा ठेवला?” त्याने विचारलं.

“मी सरळ ठेवला होता,” साहेब बाहेरूनच म्हणाला. “तू पहिल्यांदा येऊन गेला, त्या दिवसापासून असा हाय.”

५

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नत्थुजीने दमणीला बैल जुंपले. पानांचा माणूस फडक्यात गुंडाळून मागे ठेवला. रविकांतने एक टोक उचललं. पानांना वजन किती असावं? त्याला आणि नत्थुजीला मध्ये दोनदा टेकवावा लागला. ओली पानं जड असतात, तो म्हणाला. नत्थुजीने फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

साहेब फाटकाशी थांबला.

“मी येत नाई. माया आवाज ऐकला तं तो अजून थांबन.”

पूर्णेला पाणी थोडंच होतं, डोहाडोहांत. तीन वाजले होते. खालून दगड तापलेले, वरून ऊन आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. नत्थुजीने तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या रचल्या. भटजी नव्हते. रविकांतने आयुष्यभर भटजींशी वाद घातलेला आणि आज एक मंत्र आठवेना. त्याने नुसतं नाव घेतलं. “भगवंत. भगवंता, मी रवी.”

अग्नी दिला. तुऱ्हाट्या धडधडून पेटल्या, पण पानं धरेनात. त्यांच्यातून पाणी निघत होतं, वाळूवर ओघळत होतं आणि वाळल्यावर पांढरा थर मागे ठेवत होतं. किती पाणी! पाव तास, अर्धा तास. नत्थुजीने आणखी तुऱ्हाट्या घातल्या. मग कुठे कडेचं एक पान वळलं आणि पेटलं.

“चला आता,” नत्थुजी म्हणाला. “मांगं पाहू नका. रीत हाय.”

ते दमणीकडे निघाले. वीस पावलं गेली असतील. मागून एक आवाज आला. हाक नव्हती, कण्हणं नव्हतं. पौषात गार पाण्याने अंघोळ करून आलेला माणूस चुलीपुढे बसला की जसा सुस्कारा सोडतो, तसा.

नत्थुजी थांबला नाही. पण रविकांतने पंचवीस वर्षं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओळ लिहिलेली नव्हती. तो वळला.

जाळामागे, जाळाला लागून, कोणी तरी उकिडवं बसलं होतं. गुडघे छातीशी. दोन्ही तळहात जाळाकडे केलेले. एकदा पुढून, मग उलटे करून पाठीमागून, शेकत होतं. उष्णतेने हवा थरथरत होती. ओले देठ आगीत आखडतात, वर उठतात, हे त्याला ठाऊक होतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं. मग त्या बसलेल्याने मान वर केली, आणि रविकांतने तोंड फिरवलं आणि दमणीत बसेपर्यंत पुन्हा पाहिलं नाही.

६

बातमी त्याने लिहिली नाही. सत्कार साहेबाविनाच झाला. टेबलावर त्याची तसबीर ठेवून भाषणं झाली म्हणतात. ते पुढच्या आठवड्यात. त्या शुक्रवारी रविकांत मिळेल त्या गाडीने बडनेऱ्याला आणि तिथून टांग्याने घरी आला, तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

कुंदा ओसरीवर कंदिलाच्या उजेडात वर्षाचे गहू निवडत होती. सुपातले खडे बाजूला काढत होती. त्याच्या धोतरावरची राख तिने पाहिली, पण हात थांबवला नाही.

“आज गुरुवार नाही, भाऊजी.”

“वहिनी,” तो पायरीवरच बसला. “पाहणारा माणूस मिळाला.”

“कोण?”

तो साहेबाचं नाव सांगणार होता. सगळं बोलण्याच्या क्रमाने त्याने गाडीत मांडूनही ठेवलं होतं.

“मी,” तो म्हणाला.

तिने सूप खाली ठेवलं. रविकांतने पाहिलं, तिला धक्का बसलेला नव्हता.

“किती वाजले होते?”

“चार वाजत आले असतील.”

“चारच,” कुंदा म्हणाली. “कचेरीचे चारचे टोल पडले होते. मी इथेच बसले होते.” तिने ओसरीच्या दाराकडे पाहिलं. “बारा वर्षं झाली, भाऊजी. उन्हाळा लागला की येतात. त्या तिथे उभे राहतात. बोलत नाहीत. अंगावरून पाणी गळत असतं, खाली थारोळं होतं. मी पुसते. तुमच्या आईंना वाटायचं माझ्या हातून घागर सांडते. बोलणी खाल्ली, पण सांगितलं नाही. येणाऱ्या माणसाचं कुंकू कसं पुसू मी?”

 वर्षभर रविकांत या बाईच्या बाजूने भांडला होता, पुराव्यासाठी.

“आज आले ते कोरडे होते,” ती म्हणाली. “कपडे, केस, सगळे. पहिल्यांदाच. उंबऱ्याच्या आत आले. माझ्या शेजारी बसले. हाताला हात लागला, ऊन होता.” तिने हाताकडे पाहिलं. “म्हटलं, आता हे पुन्हा यायचे नाहीत.”

शेजारून कोणाच्या तरी घरचा रेडिओ ऐकू येत होता. तिने पदराने हातांवरची धूळ झटकली.

“तेवढा आरसा काढून द्या खुंटीवरचा. माझा हात पुरत नाही.”

रविकांतने आरसा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. ती अंगठ्याने पुसत होती, सावकाश, पुसल्यावर पुन्हा एकदा. तिच्या खांद्यामागचं ओसरीचं दार आरशात दिसत असणार. ती तिकडे पाहत होती, त्याला नजरेच्या कोपऱ्यातून जाणवलं. त्याने काच स्वतःकडे किंचितही वळू दिली नाही आणि तिचं होईपर्यंत जमिनीवरच्या गव्हाकडे पाहत राहिला.